‘पाचवीपर्यंत स्टेम नको’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सार असा: लॅबशिवाय विज्ञान होत नाही, लहान मुलांना त्यातलं काही कळत नाही, आधी वाचन आणि पाढे पक्के करा, स्टेम (म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित एकत्र शिकवणं) हा फी वाढवायचा धंदा आहे.

लॅबचं आधी. हा समज बहुधा अटल टिंकरिंग लॅबवरून, म्हणजे शाळेत मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायच्या सरकारी योजनेतल्या प्रयोगशाळेवरून, आला असावा. तिला २० लाखांपर्यंत सरकारी अनुदान मिळतं, पण ती सहावी ते बारावीसाठी आहे. प्राथमिकला तिची गरजच नाही. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन भूमिती शिकवली. आपल्याच नागपुरात भरणाऱ्या अपूर्व विज्ञान मेळाव्यात मनपा शाळांतले पोट्टे साध्यासुध्या वस्तूंवर प्रयोग करून दाखवतात.

‘कळत नाही’ म्हणता? मार्चअखेर चौथीच्या वर्गात पाण्याने भरलेल्या तीन सारख्या बाटल्या ठेवा. एक बाहेरून कोरडी, दुसरीला ओलं सुती फडकं, तिसरीलाही तसंच फडकं, पण वरून पॉलिथिन घट्ट बांधलेलं. तिन्ही खिडकीत, सावलीत, वारा लागेल अशा. दर दहा मिनिटांनी तापमान लिहायचं. ‘फडकं ओलं आहे म्हणून बाटली गार होते’ असं मुलं आधी सांगणारच. मग तिसरी बाटली का मागे राहिली? ओल तर तिलाही आहे. इथून मुलं स्वतःच वाफ होऊन जाणाऱ्या पाण्यापाशी येतात. हाच प्रयोग जुलैत पुन्हा करा, फरक कमी पडतो. हवाच दमट, पाणी उडणार कुठून? मेमध्ये झकास चालणारा घरचा कूलर पावसाळ्यात नुसती चिकचिक का करतो, हे त्यांना आता कुणी सांगावं लागत नाही. पुढचा प्रश्न द्या: सुती कापड, पोतं की खस, जास्त गार काय करतं? विज्ञान, मोजमाप आणि रचना एकाच प्रश्नाभोवती आली. स्टेम म्हणतात ते हेच.

वाचन-पाढ्यांचा मुद्दा खरा आहे. चौथीतल्या मुलाला वाक्य वाचता येत नसेल तर त्याला वेगळा वेळ द्यावाच लागेल, बाटल्यांनी ते भागणार नाही. पण तापमापी वाचणं, वजाबाकी करणं, ‘मला काय दिसलं’ हे चार ओळींत लिहिणं, हा सराव भाषेचा आणि गणिताचाच की! वेगळा तासही नको. तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास आहेच.

राहिला धंदा. तो आहे, बावा! रोबोटिक्सचा महागडा डबा येतो, सर जोडतात, मुलं टाळ्या वाजवतात, फोटो ग्रुपवर पडतो. फी भरण्याआधी शाळेत दोनच गोष्टी विचारा: डबा मुलांच्या हातात किती वेळ असतो, आणि प्रयोग फसला तर पुढच्या तासाला काय करता?