लागलं का काही?

"काय, लागलं का काही?" काठावर गळ टाकून बसलेल्या माणसाला हे विचारणं पुण्यात बहुधा सक्तीचं आहे. सकाळी सकाळी जलपर्णीने भरलेली शहरातली नदी मागे टाकून पौडकडे मुळेच्या काठी जायचं, कणकेत लसूण-हळद कालवून गोळ्या वळायच्या, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, नीट सोडायचा. पाण्यावर तरंगणारा फ्लोट जरा हलायला लागतो न लागतो तोच मागे बुलेट येऊन थांबणार. धड धड धड. मासा पसार. आणि वर, "लागलं का?"

हे बघे परवडले, पण आपली गळवाली मंडळी! "काल यायला पाहिजे होतंस रे, पाच किलोचा कटला, काठाशी येऊन तंगूस तुटला!" सुटलेले मासे नेहमी पाच किलोचेच कसे असतात? हातात येते ती वीतभर चिलापी (तिलापिया मासा). त्यावरही आमच्यातल्या अण्णांचं भाषण: ही मूळची आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणली, आता हिनेच आपले मासे हुसकावले. बरोबर आहे अण्णा, पण दर रविवारी? तेही माझ्या गळाला लागली तरच. त्यांच्या गळाला लागली की तीच चिलापी "तव्यावर एक नंबर".

सल्ले तर फुकटच. गांडूळ लाव, गांडूळ काढ, खोल टाक, काठाला टाक. स्वतःच्या तंगुसाचा गुंता मात्र सोडवायला माझ्याकडे. निघताना माझ्याच डब्यातली गांडुळं उचलतात आणि विचारतात, "एवढीच आणलीस?"