उत्तर बदललं की वेळ?

आज सकाळी एका ग्रुपवर प्रोसेसर चिपच्या दोन घराण्यांवरून, इंटेल-एएमडीचं एक्स८६ आणि बहुतेक मोबाइलमधलं एआरएम, पुन्हा तेच गुऱ्हाळ. 'एक्स८६ मुळातच वीजखाऊ, एआरएम मुळातच काटकसरी.' एका विद्यार्थिनीनं नम्रपणे लिहिलं, की हा फरक बराचसा त्या त्या चिपच्या इम्प्लिमेंटेशनचा, म्हणजे आतल्या बांधणीचा आहे; आर्किटेक्चरचा, म्हणजे प्रोग्रामला दिसणाऱ्या सूचना आणि नियमांचा, कमी. झालं! 'पुस्तकी ज्ञान', 'आधी नोकरी कर, मग शिकव'. माणसं तुटून पडली तिच्यावर. दुपारी बघतो तर तिनं कमेंटच काढून टाकलेली. अहो, ती बरोबर होती!

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे दोन बोर्ड आले होते. दोन्हींचं आर्किटेक्चर एकच, एआरएमव्ही८; कोअर (प्रोसेसरचा गाभा) मात्र वेगळे, एकावर कॉर्टेक्स-ए५३, दुसऱ्यावर कॉर्टेक्स-ए७२. तीच बायनरी (तयार प्रोग्रामची फाइल), एक बाइटही न बदलता, दोन्हीकडे चालवली. आउटपुट तंतोतंत सारखं, पण ए५३वर वेळ दुपटीहून जास्त. मीटिंगमध्ये 'हे आर्किटेक्चरच स्लो' म्हणून जुंपली. आमच्या सीनियर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'उत्तर बदललं, की वेळ?'

वेळच बदलला होता. ए५३ सूचना, म्हणजे प्रोग्राममधल्या एकेक आज्ञा, ओळीनं चालवतो. मेमरीतून यायचा डेटा हवा असलेली सूचना अडली, की मागची सगळी रांग थांबते. ए७२ तिला बाजूला ठेवून पुढच्या तयार सूचना उरकून घेतो. प्रोग्रामला दोन्हीकडे तेच रजिस्टर (प्रोसेसरमधले आकडे ठेवायचे कप्पे), त्याच सूचना, तेच निकाल.

आणि हे काल-परवा कुणी काढलेलं खूळ नाही. १९६४ मध्ये आयबीएमनं सिस्टीम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली, तेव्हाच तिचे रचनाकार ॲमडाल, ब्लाव आणि ब्रुक्स यांनी लिहून ठेवलं होतं: प्रोग्रामरला मशीन जसं दिसतं ते आर्किटेक्चर, आतली जोडणी वेगळी. त्या मालिकेतलं धाकटं मॉडेल ३० आतून एका वेळी ८ बिटच हाताळायचं, तरी प्रोग्रामरला ३२ बिटांचीच रजिस्टर्स दिसायची. इंटेलचा ८०८६ आणि ८०८८ घ्या. सूचना त्याच, फक्त बाहेरचा डेटा बस (डेटा ये-जा करायचा रस्ता) एकाचा १६ बिटांचा, दुसऱ्याचा ८. आजच्या ६४ बिटी एक्स८६मध्ये तुम्हाला जनरल पर्पज रजिस्टर्स १६ दिसतात, पण मोठ्या कोअरच्या पोटात शंभराहून जास्त असतात. साठ वर्षं झाली या गोष्टीला, आणि आपण अजून चिपच्या बेंचमार्कवर (वेगाच्या चाचणीवर) आर्किटेक्चरची जात ठरवतोय. संताप येतो.

बरं, रेषा काही पूर्ण कोरीव नाही, मान्य. एक्स८६ची सूचना १ ते १५ बाइटांची, ६४ बिटी एआरएमची सरसकट ४ बाइटांची. त्यामुळे एका दमात अनेक सूचना डीकोड करणं, म्हणजे उलगडणं, एक्स८६ला जड जातं. मिप्स या आणखी एका आर्किटेक्चरनं तर त्या वेळच्या पाइपलाइनची (सूचना टप्प्याटप्प्यानं चालवणाऱ्या आतल्या रांगेची) सोय थेट सूचनासंचात घातली. ब्रांचच्या (दुसरीकडे उडी मारायला सांगणाऱ्या सूचनेच्या) पुढची सूचना कायम चालणारच, आणि नंतरच्या चिपना ते ओझं वाहावं लागलं. पण हे सांगायलाही दोन्ही थर आधी वेगळे दिसायला हवेत ना?

२०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर हे चिपमधलं सुरक्षेचं भगदाड बाहेर आलं, तेव्हा मॅडमचा प्रश्न मला फार आठवला. चिपनं अंदाजानं पुढं चालवलेल्या सूचना मागे घेतल्या, उत्तर बरोबरच राहिलं. कॅशेमध्ये (चिपमधल्या झटपट मेमरीत) मात्र खूण उरली, आणि डेटा किती लवकर येतो हे मोजून गुपित काढता आलं. इंटेल, एएमडी, एआरएम, सगळ्यांच्याच चिप त्यात सापडल्या. 'वेळच तर बदलला' म्हणून ते सोडून देता येत नाही, हेही खरंच.

आणि 'आर्किटेक्चरनं काहीच फरक पडत नाही' म्हणणाऱ्यांनो, तुम्हीही थांबा. एक थ्रेड (प्रोग्रामचा एकाच वेळी चालणारा एक धागा) डेटा लिहून फ्लॅग, म्हणजे 'डेटा तयार' ही खूण, उभारतो, दुसरा फ्लॅग बघून डेटा वाचतो. मध्ये बॅरियर (क्रम पाळायला लावणारी सूचना) नाही. कंपायलरनं (कोडचं मशीनच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्यानं) क्रम हलवला नाही, तर एक्स८६वर हे वर्षानुवर्षं सुरळीत चालतं. एआरएमवर कधीतरी फ्लॅग नवा दिसतो आणि डेटा जुना. लगेच 'चिप बगी आहे' अशी बोंब! चिप बगी नाही. एआरएमचं आर्किटेक्चर लिहिण्या-वाचण्याचा क्रम असा बदलू देतं, एक्स८६चं देत नाही. इथं बदललंय ते उत्तर, आणि दुरुस्त करायचा आहे तो तुमचा कोड.