समजा, छतात रकून शिरला

आमच्या गल्लीत एक विमावाले काका होते. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर असतानाच बाबा वाक्य जुळवून ठेवत : "विचार करून कळवतो." बाबांनी बावीस वर्षं विचार केला. त्या पापाची फेड म्हणून की काय, पुण्यातल्या बँकेत सतरा वर्षं कर्जाच्या फायली उपसून मी कॅनडात, ब्रॅम्प्टनच्या एका बेसमेंटमध्ये, इस्त्रीच्या टेबलावर विम्याचं पुस्तक उघडून बसलो होतो. बँकांना 'कॅनेडियन अनुभव' हवा होता. विम्यात म्हणे परीक्षा पास झालात की घेतात.

ओंटारिओ प्रांतात विम्याचा ब्रोकर व्हायचं तर रिबोची, म्हणजे ब्रोकरांना लायसन्स देणाऱ्या संस्थेची, परीक्षा. 90 प्रश्न, 3 तास, पास व्हायला 75 टक्के. म्हणजे साडेसदुसष्ट. आता तो अर्धा प्रश्न कसा सोडवायचा?

आपल्याकडे विमा म्हणजे मार्च महिना. कर वाचवायचा, पावती जपायची, बाकी मेल्यावर बघू. इथे सगळा भर जिवंतपणी काय काय होईल यावर. गटाराचं पाणी उलटं घरात आलं तर? छपरावर बर्फाचा बांध साचला तर? पुस्तकातल्या पॉलिसीत एक रकूनही होता. डोळ्यांवर चोराचा काळा पट्टा बांधलेला हा प्राणी छत उकरून आत शिरला तर भरपाई शून्य. मात्र जाता जाता त्याने खिडकीची काच फोडली, तर काचेचे पैसे मिळतात. हे वाक्य मी चारदा वाचलं. रकूनला हे कोण समजावणार, ते लिहिलेलं नव्हतं.

गाडीचं प्रकरण वेगळंच. तिथे मूळ पॉलिसीला जोडायच्या पुरवण्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. 20 म्हणजे गाडी दुरुस्तीत असताना दुसरी गाडी, 27 म्हणजे भाड्याची गाडी ठोकली तर, 43 म्हणजे घसारा माफ, गाडी जुनी झाली म्हणून भरपाईतून कपात नाही. मी अंघोळ करताना अथर्वशीर्षाच्या चालीत हे म्हणू लागलो.

रात्री बायको भाजी निवडत प्रश्न विचारायची. "समजा, जानेवारीत तू घर बंद करून आठ दिवस गावाला गेलास, कोणाला लक्ष ठेवायला सांगितलं नाहीस, पाणीही बंद केलं नाहीस, आणि पाइप गोठून फुटला?"

"चार दिवसांच्या वर गेलो ना? मग काही मिळणार नाही."

"समजा, तुझ्या पायरीवरच्या बर्फावरून पोस्टमन घसरला आणि..."

फोनवर आई व्हिडिओ कॉलला होती, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. "अगं, तिन्हीसांजेचं शुभ बोल की काहीतरी!" तिच्याकडे सकाळचे साडेसात वाजले होते.

पहिल्या खेपेला 66 आले. दुसऱ्या खेपेला 71. लायसन्स आलं, एका ऑफिसात नोकरीही लागली. पहिल्या दिवशी वरिष्ठ बाई म्हणाल्या, सराव म्हणून स्वतःच्याच गाडीचं कोटेशन काढा. मी भरत गेलो. वय 46. पुण्यात गाडी चालवली 20 वर्षं, त्यातली निम्मी लक्ष्मी रोडवर. संगणकाने ती धरलीच नाहीत. इथला अनुभव : 7 महिने. पत्ता : ब्रॅम्प्टन.

आकडा बेसमेंटच्या भाड्याशी झोंबी खेळत होता. ब्रोकर गिऱ्हाइकाचा माणूस असतो, त्याने चार दारं ठोठावायची असतात, हे पहिल्याच धड्यात होतं. मी पाच कंपन्या पाहिल्या. पाचवी सर्वांत महाग निघाली.

"घेताय का मग?" बाईंनी हसत विचारलं.

"विचार करून कळवतो," मी म्हणालो.