आम्ही चालतच जायचो की!

सोलापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथितार्थ असा: शाळेसमोर मुलांना गाडीची धडक बसते ती पालकांनी शिस्त न लावल्यामुळे, आम्ही दप्तर अडकवून चालत जायचो, काही झालं नाही, तेव्हा मुलांना रस्ता ओलांडायला शिकवा, गतिरोधक मागत बसू नका, त्याने नुसती गर्दी होते. मावशीनेही तो पाठवला. तिला तोंडावर उलट बोलवत नाही, म्हणून इथे.

चालत जायचात, मान्य. तेव्हा विजापूर रोडवर सैफुलच्या पुढे शेतं होती. आता तिथे सोसायट्या, शाळा आणि क्लास आहेत, पण गाड्या अजून गावाबाहेर पडल्यासारख्याच सुटतात. आणि ज्यांना 'काही झालं', ते मेसेज पाठवायला कुठून येणार?

'मुलांना शिकवा.' शिकवूच. पण पहिलीतलं पोर साधारण साडेतीन-पावणेचार फूट. कडेला लावलेल्या जीपच्या आडून ना त्याला रस्ता दिसतो, ना ड्रायव्हरला ते. येणारी गाडी किती वेगात आहे याचा अंदाज त्या वयात नीट येतच नाही, कितीही दटावा. हिशोब साधा आहे. कोरड्या रस्त्यावर, ड्रायव्हरला भानावर यायला एक सेकंद धरला, तर ताशी ३० किलोमीटरची गाडी साधारण १३ मीटरांत थांबते. ५० ची गाडी १३ मीटर गेली तरी पाय ब्रेकवर पडलेला नसतो. तिला २७-२८ मीटर लागतात. इथे संस्कार काय करणार?

उसाच्या ट्रॅक्टरबद्दल मेसेजात अवाक्षर नाही. हंगामात होटगी रोडला दुपारी शाळा सुटायच्या वेळी उभे राहा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारी वाढी (उसाचे शेंडे), टेपवर गाणी फुल्ल. ड्रायव्हरला मागची ट्रॉली दिसत नाही, आणि नेमकी तिच्याच मागे दोन पोरं पळत असतात, एक ऊस हाताला लागला की ओढायचा. (आम्हीही ओढलाय, खोटं कशाला बोलू.) शाळा सुटायच्या अर्ध्या तासात ट्रॉल्या नाक्यावर थांबवल्या तर कारखाना बंद पडत नाही.

गर्दी गतिरोधकाने होते म्हणे! शाळेच्या फाटकासमोर दुहेरी रांगेत अॅक्टिव्हा कोण लावतं? आपणच. पालकांना दोष द्यायचाच तर इथे द्या. नववीतल्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. चार वर्षांवरच्या मुलाला मागे बसतानाही हेल्मेट लागतं. बापाच्या डोक्यावर असतं कधीमधी, पोराच्या नसतंच.

राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, वाहतूक पोलीस, आरटीओ आणि पालकांचे प्रतिनिधी सदस्य. फाटकासमोरचा प्रश्न मांडायला याहून सोयीची जागा नाही. मावशी, नातवाच्या शाळेत या समितीची बैठक शेवटची कधी झाली, तेवढं विचारून ये. मग मेसेज खुशाल पुढे पाठव.