उंदीर मारायचेत? आधी गोळ्या मोजा

घरात उंदीर झाला की आपण काय करतो, पिंजरा आणतो, त्यात भज्याचा तुकडा अडकवतो आणि रात्रभर कान टवकारून पडून राहतो. सकाळी भजं गायब, पिंजरा उघडा. चुकतं कुठे माहितीये का, आपण रजिस्टर ठेवत नाही.

मंत्रालयाकडून शिका जरा. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसेंनी विधानसभेत हिशोब मांडला की तिथे ७ दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारले म्हणून कागदावर आहे, आणि कामाची मुदत होती ६ महिने. म्हणजे दिवसाला ४५ हजार ६२८, मिनिटाला ३१ च्या वर, तेही रात्रंदिवस, मध्ये चहा नाही की तंबाखू मळणं नाही. एवढी मढी गेली कुठे, वास कसा कुणाला आला नाही, असले प्रश्न तुम्ही विचारू नका, कारण नंतर खुलासा आलाच की हा आकडा उंदरांचा नव्हे, विषाच्या गोळ्यांचा. झालं की मग! घरीही गोळ्या मोजा. उंदराने खाल्ली का, मेला का, हे बघणं आपलं काम नाही. खडसे म्हणाले होते की दहा मांजरींत काम भागलं असतं, पण मांजर कोटेशन देते का? पॅन कार्ड आहे तिच्याकडे?

मुंबई महापालिकेचे रात्रीचे उंदीर मारणारे बिचारे अजून जुन्या वळणाचे. एका हातात काठी, एका हातात टॉर्च, रात्रीला ३० मारायचे आणि सकाळी मेलेले मोजून द्यायचे, खरेखुरे, शेपटीसकट. अशाने कशी होणार प्रगती.

आता शेतीकडे या. कपाशीवर गुलाबी बोंडअळी दिसली की कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग अडकवणारा), निंबोळी अर्क, पक्षी थांबे असल्या स्वस्तातल्या भानगडीत पडू नका, शेजारी हसतात. सरळ कृषी केंद्रात जा. दुकानदार न विचारता तीन बाटल्या आणि वर एक टॉनिक काढून देईल, तिन्ही एकाच पंपात ओता, माप म्हणजे झाकण, आणि "जास्त झालं तर काय, अळीच मरंल ना" हे म्हणायला विसरू नका. बाटलीवरचा अतिविषारीचा लाल त्रिकोण डिझाईन म्हणून असतो. अळी बोंडात शिरली की भोक बुजतं आणि वरून कितीही मारलं तरी आत पोचत नाही, पण तुमचं समाधान तर पोचतं.

नोझल चोक झालं तर? तोंडाने फुंका. आमचा काका आयुष्यभर हेच करत आला. नोझल काढायचं, पँटला पुसायचं, ओठाला लावून फुर्रर्र करायचं, थुंकायचं, आणि त्याच हाताने बिडी पेटवायची. त्याला मास्क आणून दिला तर तो पोरांनी गणपतीच्या डेकोरेशनला वापरला.

आणि बीटी कपाशीच्या (अळीला मारणारं विष झाडातच असलेल्या) बियाण्याच्या ४५० ग्रॅम पाकिटासोबत ते १२० ग्रॅमचं नॉन-बीटी यायचं ना, कडेने लावायला, म्हणजे अळी बीटीला लवकर सरावू नये म्हणून, ते बांधावर फेकायचं असतं. जमीन काय फुकट आलीये अळ्या पोसायला? पुढे पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी ठेवून फरदड, म्हणजे त्याच झाडांचं पुन्हा पीक, घ्यायची. म्हणजे अळीची उन्हाळ्यापर्यंत सोय होते आणि पुढच्या वर्षी दुकानदाराची.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी, शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. (इथे मला विनोद सुचत नाही, सोडून द्या.) तेव्हा ऐकलं ते हेच, की संरक्षक किट घालत नव्हते. डोक्याएवढ्या कपाशीत, ऑक्टोबरच्या उन्हात, पाठीवर पंप घेऊन, प्लास्टिकचा कोट घालून एकदा उभे राहा तुम्ही, दहा मिनिटं फक्त.

असो. मी स्वतः मागे फवारणी पंपाच्या अनुदानाचा अर्ज केला होता. चार महिन्यांनी गेलो तर साहेब म्हणाले, "फाईल उंदरांनी कुरतडली हो, परत जोडा सगळं." भिंतीवर पेस्ट कंट्रोलचा तक्ता लटकलेला, पुढच्या महिन्याच्या तारखेवरसुद्धा 'केले' लिहून सही ठोकलेली. मी मुकाट्याने बाहेर झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे कागदाचे गठ्ठे छतापर्यंत, एकालाही दात लागलेला नाही. म्हटलं तुम्ही कुठलं औषध मारता? त्याने मशीनकडे बोट केलं. वर गरम जागेवर एक पिवळी मांजर पसरली होती, शेजारी बशीत उरलेलं दूध.