जावईबापू आणि दहा थाऊ

दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता, म्हणजे आमच्या कुकरची दुसरी शिट्टी आणि टेक्ससमधली सकाळची साडेआठ यांचा योग जुळून आला की, सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी जावईबापूंचा व्हिडिओ कॉल येतो. लेकीची खुशाली अर्ध्या मिनिटात आटोपते, कारण ती झोपलेली असते. पुढचा दीड तास मी काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांचे दर्शन घेतो.

जावईबापूंना रायफलीचा नाद आहे. तिकडचे हौशी नेमबाज झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या वेचून आणतात आणि घरच्या गॅरेजमध्ये त्या पुन्हा भरतात. आपल्याकडे असला उद्योग आरंभला तर १९५९चा शस्त्र कायदा आडवा येतो. शिवाय खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासून हे काम पाहत असल्यामुळे सदाशिव पेठेने त्यात लक्ष घालण्याची गरज कधी पडली नाही.

माझी अडचण वेगळी आहे. मी पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे इन्स्पेक्शनला होतो. मापात न बसलेल्या जॉबला लाल रंग फासून तो पेटीत टाकायचा, एवढेच मी आयुष्यभर केले. जावयाला लाल रंग फासता येत नाही. ज्याला अधिक महिन्यात तेहतीस अनारसे वाण म्हणून द्यायचे, त्याला ‘तुमचा मापाचा व्हर्निअर शून्यावर नाही’ असे कोणत्या तोंडाने सांगावे?

बंदूक झाडली की दाबाने पुंगळी फुगते. डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून तिला पूर्वीच्या मापावर आणताना पितळ मानेकडे सरकते आणि पुंगळी लांब होते. ही लांबी मर्यादेपलीकडे गेली, तर पुंगळीचे तोंड चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसते त्या पोकळीच्या, पुढच्या कडेत अडकून गोळीभोवती आवळले जाते आणि दाब धोकादायक वाढू शकतो. म्हणून .३०८ विंचेस्टर या काडतुसाची पुंगळी २.०१५ इंचांवर जाऊ द्यायची नाही आणि छाटायची ती २.००५ इंचांपर्यंत. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ; मधे उरतात दहा थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर. एवढ्याशा जागेत माझ्या रक्तदाबाची गोळी अनेकदा कमी पडली आहे.

पहिल्या शनिवारी जावईबापूंनी साठ पुंगळ्या एकेक करून छाटल्या, प्रत्येकीच्या तोंडाची बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धातूची कूस, आतून-बाहेरून काढली, त्या रांगेत मांडल्या आणि मग डाय हातात घेतला. माझ्या घशाला कोरड पडली. आधी डाय आणि मग छाटणी, हा क्रम उलटा झाला की मेहनतीने छाटलेली पुंगळी डायमधून पुन्हा वाढून बाहेर येते. मी शक्य तितक्या मृदू आवाजात म्हणालो, “अहो, डायमधून काढल्यावर एकदा मोजून बघता का?” त्यांनी मोजले, बराच वेळ मोजले आणि म्हणाले, “बाबा, हे पितळच खराब दिसतंय.” सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेल्या त्या निरपराध धातूची बाजू घ्यावी असे फार वाटले; पण मी कुकर बंद करायला उठलो.

खरा प्रसंग वंगणाचा. पुंगळी डायमध्ये घालण्यापूर्वी तिला वंगणाचा पातळ हात लावावा लागतो. जावईबापूंनी काटकसर केली, पुंगळी डायमध्ये घट्ट बसली आणि ओढताना तिच्या बुडाची कडच तुटून हातात आली. त्या रात्री मी साडेनऊपर्यंत, ताटातला भात निवत असताना, त्यांच्याकडून पुंगळीच्या बुडाला ड्रिल मारून घेतले, टॅप फिरवून आटे पाडून घेतले आणि बोल्ट-वॉशर लावून ती बाहेर खेचवली. पुढच्या शनिवारी त्यांनी उट्टे काढले. पुंगळ्या वंगणात अशा न्हाऊ घातल्या की, डायमध्ये साचलेल्या तेलाने प्रत्येकीच्या खांद्याला पोचा आणला.

तेव्हा वाटाणे सोलत बसलेली आमची सौ. फोनकडे न बघता म्हणाली, “जावईबापू, मोदकाच्या साच्याला तूप लावतात ना, तसं लावा. कमी झालं तर चिकटतो, जास्त झालं तर कळ्या उमटत नाहीत. बोटाला लागेल तेवढंच घ्यायचं आणि तळहातावर पुंगळी फिरवायची.”

चाळीस पुंगळ्या निघाल्या. एकही अडकली नाही, एकीलाही पोचा नाही.

त्या दिवसापासून सातचा फोन थेट स्वयंपाकघरात जातो. मी बाहेर पेपर उघडून बसतो आणि कान तिकडे ठेवतो. काल आतून “झालं आई, आता भरायला घेतो” असे ऐकू आले आणि मला राहवले नाही. पुंगळीवर वंगण राहिले तर ती चेंबरच्या भिंतीला नीट धरत नाही आणि सगळा जोर रायफलीच्या बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर, येतो. मी दारातून ओरडलो, “अगं, त्यांना आधी तेल पुसायला सांग!”

“पुसलं त्यांनी मघाशीच,” सौ. म्हणाली. “तुम्ही पानं घ्या.”