स्क्रू पिळून रेस उतरत नसते

सध्या नाशिकच्या गाडीवाल्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. जुनी गाडी सिग्नलला उभी असताना रेस, म्हणजे इंजिनाचा वेग, चढून बसत असेल तर थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागावरचा) स्क्रू ढिला करा, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, नाहीच जमलं तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह) काढून टाका, आणि काही नाही केलं तरी चालतंय कारण जास्त रेसवर बॅटरी मस्त चार्ज होते. चार सल्ले, त्यातले फार तर दोन अर्धे खरे.

स्क्रूचं बघा. कार्बोरेटरवाली जुनी मारुती 800 असेल तर ठीक, तिथे स्लो सेटिंगचा स्क्रू त्याचसाठी असतो. पण 2000 च्या आसपास एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी सिस्टीम) आलं आणि आयडलिंगची, म्हणजे पाय उचललेला असतानाची, हवा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) वेगळ्या व्हॉल्व्हमधून सोडायला लागला. थ्रॉटलवरचा जो स्क्रू दिसतो ना, बऱ्याचदा त्यावर रंगाचा ठिपका असतो, तो आतली हवेची प्लेट पूर्ण मिटून अडकू नये म्हणून कंपनीतून सेट करून येतो, तो ढिला केला की ॲक्सिलरेटर सुरुवातीला चिकटायला लागतो. आणि हवा दुसरीकडूनच आत शिरत असेल तर तुम्ही तो स्क्रू कितीही पिळा, काय फरक पडणार?

बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो, गाडी कुठूनतरी एअर घेत असते. यातल्या बऱ्याच गाड्यांत हवा मोजणारा सेन्सरच नसतो, नुसता मॅनिफोल्डचं (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचं) प्रेशर बघणारा असतो, त्यामुळे चोरून आलेली हवासुद्धा ईसीयूला खरीच वाटते, तो तेवढं पेट्रोल वाढवतो आणि रेस चढते. आधी ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली नाही ना, हाताने ओढून सोडली की प्लेट पूर्ण मागे येते ना, एवढं बघा. मग ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा) इंजिनकडे जाणारा जाड रबरी पाईप. हा वरून अगदी धडधाकट दिसतो आणि क्लिपजवळ खालच्या बाजूने तडकलेला असतो, बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. इंजिन चालू ठेवून पक्कडीला फडकं गुंडाळून तो हलकेच दाबा, रेस धाडकन उतरली तर बूस्टरच्या बाजूला गळती आहे, अशा वेळी ब्रेकही बरेचदा कडक लागतो. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर साबणाचं पाणी मारून बघा. काही जण तिथे पेट्रोल मारतात, गरम इंजिनवर! गाडी पेटवायची हौस असेल तर मारा.

बॅटरी काढली की ईसीयूची शिकलेली सेटिंग पुसली जाते, एवढंच. फाटलेला पाईप त्याने शिवला जात नाही, त्यामुळे थोडा वेळ बरं वाटतं आणि पुन्हा तेच. हां, थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर रेस चढली असेल तर मात्र बऱ्याच गाड्यांत हा रीसेट खरंच कामाचा, कारण कार्बन गेला तरी ईसीयू जुन्याच हिशोबाने हवा सोडत असतो.

थर्मोस्टॅटचा सल्ला ज्याने दिला त्याला डिसेंबरमध्ये पहाटे नाशिकमध्ये गाडी चालवायला लावली पाहिजे. थंड इंजिनला ईसीयू मुद्दाम रेस जास्त देतो, 1200-1500 आरपीएमपर्यंत, आणि गरम झालं की 750-900 वर आणतो. थर्मोस्टॅट काढला तर इंजिन नीट तापतच नाही, मग रेस उतरेल कशी? जी तक्रार घालवायची तीच तुम्ही कायमची करून ठेवताय. कूलंट कमी असेल किंवा टेम्परेचर सेन्सर गंडला असेल तरी हेच होतं. लेव्हल बघताना इंजिन थंड असू द्या.

बॅटरीबद्दल काय बोलायचं, चार्जिंगचा रेग्युलेटर व्होल्टेज साधारण 14 च्या आसपासच थांबवतो, बाकी पेट्रोल जातं. वर मुंबई नाक्याच्या गर्दीत गाडी क्लच सोडल्याबरोबर पुढे ढकलत राहते, आणि कसारा घाट उतरताना इंजिन ब्रेकिंग कमी मिळतं.

गॅरेजला गेलात तर ‘रेस कमी कर’ म्हणू नका, मिस्त्री स्क्रूलाच हात घालेल. ‘एअर कुठून घेतेय ते शोध’ म्हणा. आणि स्क्रू आधीच कोणी फिरवून ठेवला असेल तर थ्रॉटल सेन्सरचं (प्लेट किती उघडी आहे ते ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरचं) बंद स्थितीतलं व्होल्टेजही तपासून घ्या, नाहीतर पाय उचललाय हे ईसीयूला कळतच नाही आणि पाईप बदलूनही रेस वरच राहते.